स्टेशन, जिना आणि जात

नागपूरच्या कामठी रस्त्यावर इंदोरा चौक नावाचे मेट्रोचे स्टेशन आहे. हे स्टेशन जमिनीवर नाही. तळाशी जुना कामठी रस्ता, त्याच्यावर मोटारींसाठी उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचे रूळ, अशी ही तीन मजली रचना आहे. कस्तुरचंद पार्क ते ऑटोमोटिव्ह चौक हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि त्याबरोबर हे स्टेशनही लोकांसाठी उघडले. मधल्या मजल्यावरचा सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. याच मार्गावर गड्डीगोदामला तर चार थर आहेत : खालून जाणारा रस्ता, त्यावर भारतीय रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांच्या वर मेट्रो. अभियंत्यांनी अभिमान बाळगावा असेच हे काम आहे आणि त्याचे कौतुकही भरपूर झाले. परंतु हे खांब ज्या रस्त्यात रोवले गेले, त्या रस्त्याचा इतिहास त्या कौतुकात फारसा आला नाही. तो आपणच लिहावयास हवा.

धरणगावच्या माणसाने नागपूरच्या स्टेशनावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या घरात आहे. आमचे धरणगावचे स्टेशन सुरत-जळगाव मार्गावरचे. ताप्तीच्या खोऱ्यातला कापूस बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा मार्ग झाला. माझे आजोबा या स्टेशनावर कापसाच्या गाठी चढवीत. वडील गँगमन होते. घरात पहिला पदवीधर मी. १९५६ साली आजोबा धरणगावहून भुसावळला आणि तेथून नागपूरला गेले, ते दीक्षेसाठी. त्या प्रवासाबद्दल ते एकच वाक्य पुनःपुन्हा सांगत : "गाडीमा कोणी जात इचारी नही, टेसनना बाहेर इचारी." डब्यात त्यांना कोणी जात विचारली नाही, विचारली ती स्टेशनाच्या बाहेर. अक्षरओळख नसलेल्या माणसाचे हे वाक्य मला भारतीय रेल्वेच्या सामाजिक इतिहासाचे सार वाटते. ते वाक्य हाती धरूनच या स्टेशनाकडे पाहिले पाहिजे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात हिंदुस्थानविषयी लिहिताना असे भाकीत केले की, रेल्वेतून जे आधुनिक उद्योग उभे राहतील ते वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील आणि जातिव्यवस्थेचा आधारच नाहीसा होईल. हे भाकीत अर्धे खरे ठरले. रेल्वे कंपनीला तिकिटाशी कर्तव्य होते. तिने डबे केले ते पैशाप्रमाणे. ब्राह्मणांचा एक, मराठ्यांचा एक आणि महारांचा एक असे डबे करणे तिला परवडणारेही नव्हते. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर ज्याच्या अंगाला अंग लागले त्याची जात विचारीत बसलो तर प्रवासच होणार नाही, हे सवर्णालाही कळले. एवढ्यापुरते लोखंडी चाकाने मनूला मागे टाकले. मात्र बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की, जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. म्हणून गाडीतून उतरलेला श्रमिक फलाट ओलांडताच पुन्हा आपल्या जातीत जाऊन पडत होता.

दोन उदाहरणे पाहू. दोन्ही बाबासाहेबांच्याच आयुष्यातील आहेत आणि दोन्ही स्टेशनावरचीच आहेत. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला थोरला भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे निघाला. मुले मसूर स्टेशनावर उतरली. कपडे नीटनेटके, टोप्या नव्या. स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली. पण आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो दूर सरला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या होत्या, परंतु दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मुलांना घेऊन गाडी हाकायला तयार होईना. अखेर मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. वाटेत रात्रभर मुलांना पिण्यास पाणी मिळाले नाही.

दुसरी घटना आमच्या खानदेशातली, आज जळगाव जिल्ह्यात असलेल्या चाळीसगावची, १९२९ सालची. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब दौऱ्यावर होते. धुळ्याच्या मार्गावरील एका गावात सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातील मंडळी हार घेऊन स्टेशनावर उभी होती. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैल. टांगे समोर होते, पण एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला कबूल होईना. ही गोष्ट पाहुण्याला कळू नये म्हणून लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसविले. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर चाक दगडाला लागले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला हा बॅरिस्टर गाडीच्या डब्यात सर्वांसारखा उतारू होता. स्टेशनाच्या दारात मात्र एका टांगेवाल्याहून खालचा ठरला. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे.

इथे अमेरिकेतील एका घटनेची आठवण करणे उपयोगी पडेल. १८९२ मध्ये होमर प्लेसी हा लुइझियाना राज्यातील गृहस्थ गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरविले. तेथे कायदा डब्याच्या आत उभा होता. आपल्याकडे कायद्याला डब्याच्या आत जात दिसत नव्हती; जात बाहेर टांगा धरून उभी होती. दक्षिण आफ्रिकेत १८९३ साली मोहनदास गांधींना पहिल्या वर्गातून उतरविले गेले तो प्रसंग मला शाळेच्या पुस्तकात भेटला. मसूर आणि चाळीसगाव भेटले ते शाळा सुटल्यानंतर. चाळीसगाव तर माझ्याच जिल्ह्यातले. ज्या जिल्ह्यात हे घडले त्या जिल्ह्यातील मुलाला ते पंचविसाव्या वर्षी कळावे, हा अपघात नव्हे. काय विसरायचे हे कोणीतरी ठरवीत असते.

आता नागपूरकडे वळू. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्याआधी १८२१ पासून कामठीला इंग्रजांची छावणी होती. नागपूर आणि कामठी यांना जोडणारा हा रस्ता म्हणजे फौजेचा, मालाचा आणि ओझी वाहणाऱ्यांचा रस्ता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विदर्भाच्या खेड्यांतून महार, कोष्टी, इतर कष्टकरी शहरात आले. गावकीच्या कामातून सुटलेला माणूस गिरणीच्या भोंग्यावर उठू लागला. गिरणीने त्याला रोख मजुरी दिली, आणि रोख मजुरीतून शाळा, छापखाना व सभा उभ्या राहिल्या. किसन फागू बनसोडे यांनी १९०७ साली नागपुरात चोखामेळा मुलींची शाळा काढली. पुढे 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' ही पत्रे चालविली. या नावांतूनच त्या काळाचा प्रवास दिसतो : आधी निराश्रित, मग विटाळ मोडणारा आणि त्यानंतर मजूर.

कामठी रस्त्याचा इतिहास सांगताना एक नाव सर्वांआधी घ्यावेसे वाटते. ते जाईबाई चौधरी यांचे. नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहणारी ही बाई. एका मिशनरी बाईने तिची बुद्धी ओळखली आणि तिला शिक्षिका केले. शिक्षिका महार आहे हे कळताच पालकांनी मुले काढून घेतली आणि तिची नोकरी गेली. जाईबाई खचल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरातच मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा उघडली. आज या दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर सिमेंटच्या खांबांनी गाडीचे ओझे उचलून धरले आहे. शंभर वर्षांपूर्वी येथले ओझे एका बाईच्या मानेवर होते.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कामठीला, १९०४ साली बाबू हरदास यांचा जन्म झाला. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले, १९३७ ची निवडणूक जिंकली आणि अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, १९३९ मध्ये, ते गेले. आज लक्षावधी लोक एकमेकांना 'जय भीम' म्हणतात. ते अभिवादन रूढ करण्याचे श्रेय या कामठीच्या तरुणाचे आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले आणि १४ तारखेला लाखोंच्या समुदायाने बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्या समुदायात धरणगावचा एक गाठी चढविणारा तरुणही होता.

इंदोरा ही या इतिहासाची जिवंत वस्ती. जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई येथल्या बुद्धविहारात राहिले आणि त्यांच्यामुळे हे विहार दूरदूरच्या बौद्धांना माहीत झाले. आणि येथेच दहा नंबर पूल आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. त्याचा निषेध करण्यासाठी नागपूर रस्त्यावर आले आणि ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहीद स्मारक उभे आहे. दर वर्षी ४ ऑगस्टला लोक तेथे अभिवादनाला येतात. विद्यापीठाचे नाव बदलले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. एका पाटीवर एक नाव लिहिले जाण्यासाठी साडेपंधरा वर्षे आणि किती तरी प्राण लागले. म्हणूनच पाटी ही आपल्यासाठी कधीही क्षुल्लक गोष्ट नसते. 'इंदोरा चौक' ही स्टेशनाची पाटी वाचणाऱ्या उतारूला एका चौकाचे नाव कळते. त्या नावाखाली काय आहे ते पाटीला सांगता येत नाही. ते सांगण्याचे काम आपले आहे.

आता या स्टेशनाच्या रचनेचा अर्थ पाहू. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला. मात्र मजल्या-मजल्यांना जोडणारी शिडीच या मनोऱ्यात नाही. खालच्या मजल्यावर जन्मलेला कितीही लायक असो, वर जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यावर जन्मलेला कितीही नालायक असो, त्याला खाली ढकलण्याची कोणाची हिंमत नाही. इंदोऱ्याच्या स्टेशनाकडे पाहताना मला ही उपमा आठवते. मजले येथेही आहेत, पण येथे जिना आहे, सरकता जिना आहे, लिफ्ट आहे. तिकीट घेतलेला कोणीही वर जातो. वर गेल्यावर गाडीत पहिला, दुसरा, तिसरा असे वर्गही नाहीत. मसूरच्या स्टेशनमास्तरला आज मागे सरता येणार नाही. तिकीट तपासणाऱ्या यंत्राला जात वाचता येत नाही. हा बदल लहान नाही. १८५३ पासून १९५० च्या संविधानापर्यंत आणि पुढे आजवर जो झगडा झाला, त्याचे हे फळ आहे. आपल्या विजयाला विजय म्हणण्यात आपण संकोच करू नये.

परंतु आजोबांचे वाक्य अर्धेच वापरले तर तो आजोबांवर अन्याय होईल. गाडीत कोणी विचारले नाही, स्टेशनाबाहेर विचारले. म्हणून स्टेशनाच्या बाहेर, जिन्याच्या पायथ्याशी, आज काय आहे हे पाहिले पाहिजे. मला नोकरी लागली तेव्हा एका गावी भाड्याची खोली शोधत होतो. घरमालकाने विषय विचारला, पगार विचारला आणि चहा मागविण्यापूर्वी आडनाव विचारले. चहा आला नाही. खोली नातेवाइकाला दिली आहे असे सांगण्यात आले. तो गृहस्थ मसूरच्या स्टेशनमास्तरासारखा दचकून मागे सरला नाही. हसतमुखाने त्याने दार लावून घेतले. चाळीसगावच्या टांगेवाल्याने टांगा सोडून दिला आहे, आता तो खोल्या भाड्याने देतो, एवढाच काय तो फरक.

जिन्याचा प्रश्न दुसऱ्याही अंगाने विचारावा लागतो. जिना बांधला म्हणून प्रत्येकजण तो चढतो असे नाही. गिरणीने जो समाज शहरात आणला त्याच्या पायाखालची गिरणीच गेली. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. भोंगा थांबल्यावर त्या कामगारांची मुले कोठे गेली? ती आज गाडीने कामावर जातात, की खांबांच्या सावलीत हातगाडी लावतात? स्टेशनाची फरशी पुसणारे हात कोणाचे आहेत, ते कायम नोकरीत आहेत की कंत्राटावर? या प्रश्नांची उत्तरे मी येथे बसून देणार नाही. ती घरोघर जाऊन मिळवावी लागतील. पण हे प्रश्न न विचारता केलेले विकासाचे कौतुक म्हणजे मनोऱ्याच्या उंचीचे कौतुक होय.

आणि शेवटचा प्रश्न आपल्या स्वतःला आहे. गेल्या वर्षी मी धरणगावहून निघालो, नागपूरला उतरलो, रेल्वे स्टेशनाजवळच मेट्रो धरली, सीताबर्डीला गाडी बदलली आणि इंदोऱ्याकडे गेलो. सीताबर्डी म्हणजे तोच परिसर, जिथल्या महारपुऱ्याचे जीवन वसंत मून यांनी १९९५ च्या 'वस्ती' या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले. गाडी कामठी रस्त्यावर आली. डबा थंड होता. काचेतून खाली पत्र्याची छपरे, निळे झेंडे, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या काळ्या टाक्या दिसत होत्या. मी ते सारे कुतूहलाने पाहत होतो, एखादा पाहुणा पाहतो तसे. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुम्ही कुठले?" मी कॉलेजचे नाव सांगितले. गावाचे नाव सांगितले नाही, वस्तीचे तर नाहीच. स्टेशनावर उतरून जिना उतरताना माझ्या लक्षात आले की, मला कोणीही जात विचारली नव्हती. ती मीच लपविली होती. वरच्या मजल्यावर पोहोचलेला माणूस जिना विसरतो आणि खालच्या मजल्याकडे काचेतून पाहू लागतो. मनोरा असाच टिकतो. तो टिकविण्यासाठी सवर्णच लागतात असे नाही. जिना चढून गेलेले आपल्यातले शिकलेले लोकही पुरेसे असतात.

खाली उतरून मी दहा नंबर पुलापर्यंत चालत गेलो. स्मारकापाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. एके काळी गिरणीत होते. मी धरणगावचा, गँगमनचा मुलगा, असे त्यांना सांगितले. 'जय भीम' म्हणून त्यांनी बसायला जागा दिली आणि तासभर बोलत राहिले : कोणत्या बाजूने मोर्चा आला, कोणती दुकाने बंद होती, आया मुलांना कशा हाका मारीत होत्या. मी लिहून घेत होतो. हे त्यांना यापूर्वी कोणी विचारले होते का, असे मी विचारले. "पोरं येतात, हार घालतात, फोटो काढतात," ते म्हणाले. एवढे बोलून ते गप्प झाले.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली असून हा मार्ग कामठीवरून कन्हान नदीपर्यंत जावयाचा आहे. म्हणजे जाईबाईंचा आणि बाबू हरदासांचा सारा रस्ता उद्या खांबांवर चढेल. स्टेशने होतील, पाट्या लागतील. त्याआधी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे उतरून घेतले पाहिजे. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना मी हे काम दिले आहे. सुरुवात मात्र नागपूरपासून नव्हे, चाळीसगावच्या स्टेशनापासून आणि आमच्या धरणगावच्या फलाटापासून केली आहे. प्रत्येकाने आपल्या गावच्या स्टेशनाबाहेर पडावे आणि वस्तीपर्यंतचा रस्ता पायी चालावा. वाटेत कोणी कोणाला काय विचारले होते, ते लिहून काढावे. आपला इतिहास त्या रस्त्यावर पडलेला आहे.